मॉडेल बंद, यंत्र चालू: अमूर्त आणि मूर्त यांचं नातं टेबलांत कसं मांडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रुग्णालयातल्या उपकरणांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर तुम्ही करताय. सध्या 'उपकरण' नावाचं एकच टेबल आहे. कंपनी, मॉडेल, वजन, सर्व्हिसची मुदत, सिरियल नंबर, वॉर्ड, खरेदीची तारीख, स्थिती असे सगळे कॉलम त्यातच आहेत, त्यामुळे एका मॉडेलची चाळीस यंत्रं असली की मॉडेलची माहिती चाळीस ओळींत उतरते. सहकाऱ्याचं म्हणणं, यंत्र हा मॉडेलचा उपप्रकार आहे, म्हणून इनहेरिटन्स (वरच्या प्रकाराचे गुण खालच्याला आपोआप मिळणं) वापरू; नाहीतर सरळ एकच 'वस्तू' टेबल करून पॅरेंट आयडीने (प्रत्येक ओळीत तिच्या वरच्या ओळीचा क्रमांक ठेवून) झाड बांधू. तुम्हाला मात्र मॉडेल ही कल्पना आणि यंत्र ही वस्तू वाटते, आणि दोघांना एकाच झाडाला टांगणं पटत नाहीये.

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. 'मॉडेल' आणि 'यंत्र' अशी दोन टेबलं करा आणि यंत्रात मॉडेलची फॉरेन की, म्हणजे मॉडेलच्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम, ठेवा. इनहेरिटन्स इथे चालणार नाही. का, ते नीट सांगते, कारण हाच गुंता पुढे सुटे भाग, मागण्या, परत मागवलेले लॉट (एकत्र तयार झालेल्या नगांचे गट) अशा प्रत्येक ठिकाणी नव्याने समोर येतो.

एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या उपकरण-नोंदींचं काम माझ्याकडे आलं. रचना तुमच्यासारखीच होती: एक टेबल, त्यात 'स्थिती' हा एक कॉलम, आणि त्यात 'चालू', 'दुरुस्तीत', 'बंद' अशा किमती. खरेदी विभागाला कंपनीचं पत्र आलं की इन्फ्युजन पंपाचं (रुग्णाला औषध, सलाईन ठरावीक वेगाने देणाऱ्या यंत्राचं) अमुक मॉडेल आता बंद झालं, नवं उत्पादन होणार नाही. तिथल्या माणसाने प्रामाणिकपणे त्या मॉडेलच्या सगळ्या ओळींवर 'बंद' अशी नोंद केली. दुसरीकडे, देखभाल विभागाची कॅलिब्रेशनची (मापं अचूक आहेत का याच्या तपासणीची) यादी काढणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) 'बंद' यंत्रं वगळत होती. बंद पडलेल्या यंत्राचं कॅलिब्रेशन कशाला करायचं? परिणाम असा की वॉर्डात रोज चालणारे पंप एका दिवसात यादीतून गायब झाले. कोणाचीच चूक नव्हती. 'बंद' हा शब्द दोघांनीही बरोबर वापरला होता. एकाचं वाक्य मॉडेलविषयी होतं, दुसऱ्याचं यंत्राविषयी, आणि टेबलाने दोन्ही वाक्यांना एकच जागा दिली होती.

सहकाऱ्याच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. खरा उपप्रकार असला की वरच्याविषयी जे खरं, ते खालच्याला आपोआप लागू होतं. सिरिंज पंप हा इन्फ्युजन पंपाचा प्रकार आहे. इन्फ्युजन पंप हे द्रव ठरावीक वेगाने देणारं उपकरण आहे. म्हणून सिरिंज पंपही द्रव ठरावीक वेगाने देणारं उपकरण. साखळी तुटत नाही. आता हे बघा: हा पंप अमुक मॉडेलचा आहे, ते मॉडेल बंद झालं आहे, म्हणून हा पंप बंद आहे. साखळी तुटली. किंवा: या मॉडेलचे चाळीस नग आपल्याकडे आहेत, म्हणून या पंपाचे चाळीस नग आहेत. या वाक्याला अर्थच उरत नाही. 'चा प्रकार' आणि 'चा नग' ही दोन वेगळी नाती आहेत. इनहेरिटन्स पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यासाठी साधी फॉरेन की पुरते.

हा भेद डेटाबेसपेक्षा जुना आहे. चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने १९०६ मध्ये त्याला टाइप (प्रकार) आणि टोकन (एकेक नग) अशी नावं दिली. मराठीत पडताळून बघायचं तर 'हळूहळू' या शब्दात अक्षरं किती, असं विचारा. कागदावर मोजली तर चार, पण वेगवेगळी दोनच. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. तुमच्या अहवालात 'एकूण उपकरणं' असा आकडा असेल, तर तो नक्की कशाचा आहे हे आत्ताच तपासा.

यात आणखी एक अडचण असते, आणि अनुभवी लोकही तिथे अडखळताना मी पाहिले आहेत. टेबल म्हणजे प्रकार आणि ओळ म्हणजे वस्तू, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप पद्धत मांडली तेव्हापासून आकृतीतला चौकोन म्हणजे प्रकार, हीच सवय आहे. मग 'इन्फ्युजन पंप, अमुक मॉडेल' हा तर प्रकार, तो ओळीत कसा जाणार? जातो, कारण तुमच्या व्यवहारात मॉडेल ही स्वतः एक नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. तिला नाव असतं, ती एका तारखेला बाजारात येते, दुसऱ्या तारखेला बंद होते, तिचं मॅन्युअल असतं. डेटाबेसला अमूर्त आणि मूर्त असा फरक कळतच नाही. त्याच्या लेखी दोन्ही नुसत्या ओळी. फरक आपण ठेवायचा आणि कंस्ट्रेंटमधून (डेटाबेसने पाळायच्या नियमांतून) त्याला समजावून द्यायचा. मॉडेल अमूर्त आहे म्हणून ते एनममध्ये (ठरावीक किमतींच्या पक्क्या यादीत) किंवा कोडमधल्या यादीत टाकायचा मोह होतो. ज्या गोष्टीविषयी वापरणाऱ्याला नवीन माहिती भरावी लागते, ती टेबलातच हवी.

आता कॉलम वाटायचं काम. मी प्रत्येक कॉलमसाठी एक पूर्ण वाक्य लिहून काढते, कर्त्यासकट. 'या मॉडेलचं वजन अडीच किलो आहे.' 'हे यंत्र तिसऱ्या मजल्यावर आहे.' 'या मॉडेलची सर्व्हिस बारा महिन्यांनी करावी, असं कंपनी सांगते.' कर्ता लिहिला की कॉलम कुठे जायचा ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं. एकाच कॉलमची दोन वाक्यं झाली, दोन्ही खरी असली आणि कर्ते वेगळे निघाले, तर तो कॉलम मुळात दोन कॉलम आहे. 'स्थिती' तसाच होता. मॉडेलकडे 'उत्पादन-स्थिती' गेली, यंत्राकडे 'वापर-स्थिती', आणि 'बंद' हा शब्द मी दोन्हीकडून काढूनच टाकला. एकीकडे 'उत्पादन थांबलं' आणि दुसरीकडे 'वापरातून काढलं'. बोलताना माणसं संदर्भाने समजून घेतात. क्वेरीला संदर्भ नसतो.

सर्व्हिसच्या मुदतीशी जरा थांबू, कारण तिथे खरी मेख आहे. मॉडेलसाठी बारा महिने, पण अतिदक्षता विभागातल्या एका पंपाचा वापर जास्त म्हणून त्याची सर्व्हिस सहा महिन्यांनी करायची ठरली. यंत्र नोंदवताना मॉडेलची मुदत यंत्राच्या ओळीत कॉपी केली, तर उद्या कंपनीने बाराचे नऊ महिने केल्यावर चाळीस ओळी जुन्याच राहतात, आणि कोणती संख्या मुद्दाम ठरवलेली व कोणती नुसती कॉपी झालेली, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून यंत्राकडे 'वेगळी मुदत' असा नल (रिकामी किंमत) चालणारा कॉलम ठेवा. नल म्हणजे 'मॉडेलप्रमाणे'. व्ह्यूमध्ये (साठवून ठेवलेल्या क्वेरीत) कोअलेस (रिकामी नसलेली पहिली किंमत देणारं फंक्शन) वापरून आधी यंत्राची मुदत, ती नसेल तर मॉडेलची, अशी एक 'लागू मुदत' काढा आणि सगळ्या क्वेऱ्यांना तोच व्ह्यू द्या. वेगळी मुदत कुणी आणि का ठरवली, ही नोंदही सोबत हवी.

वॉरंटीचं मात्र याच्या बरोबर उलट. यंत्र विकत घेतलं तेव्हा तीन वर्षांची वॉरंटी होती. पुढे कंपनीने त्याच मॉडेलला दोन वर्षं केली. तुमच्या यंत्राची वॉरंटी बदलत नाही, कारण तो त्या दिवशी झालेला करार आहे. तिथे कॉपीच करायची. तीच गोष्ट किमतीची: मॉडेलची छापील किंमत आणि या यंत्राला मोजलेली किंमत ही दोन वेगळी सत्यं आहेत, आकडा योगायोगाने सारखा असला तरी. नॉर्मलायझेशनच्या (एक माहिती एकाच जागी ठेवण्याच्या) नावाखाली ही कॉपी काढून टाकणारे लोक जुने हिशेब बिघडवतात. चालू नियम असेल तर बोट दाखवा, होऊन गेलेला व्यवहार असेल तर लिहून ठेवा, असा निवाडा मी करते.

थर दोनच का? कधी दोन पुरतात, कधी नाही. ग्रंथालयांच्या जगाने याचा फार बारकाईने विचार केला आहे. ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्ला हिने १९९८ मध्ये मांडलेल्या नमुन्यात चार थर आहेत: लेखकाच्या मनातली कृती, तिचा एखाद्या भाषेतला किंवा संहितेतला आविष्कार, त्याचं छापलेलं रूप, आणि कपाटातली प्रत. २०१७ च्या सुधारित नमुन्यातही हे चार थर कायम आहेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावरचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तिसऱ्या थरावर बसतो. एकाच कादंबरीच्या पुठ्ठा बांधणीच्या आणि कागदी बांधणीच्या आवृत्तीला वेगळे आयएसबीएन मिळतात, पण एकाच आवृत्तीच्या सगळ्या प्रतींवर तोच आकडा असतो. म्हणून आयएसबीएन ही प्रतीची प्रायमरी की (ओळ एकमेव ओळखणारा कॉलम) होऊ शकत नाही, आणि कृतीचीही नाही. तरीही ही चूक नव्या प्रकल्पांत वारंवार होते.

मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, बघा. पंधरा अंकांपैकी पहिले आठ मॉडेल सांगतात, पुढचे सहा तो विशिष्ट हँडसेट, आणि शेवटचा पडताळणीचा अंक. कल्पना आणि वस्तू एकाच आकड्यात शेजारी शेजारी बसवल्या आहेत. तुमच्या क्षेत्रात तर हे आणखी स्पष्ट आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषधं व उपकरणांच्या नियामक संस्थेने २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी यूडीआय या ओळख क्रमांकाचा नियम केला. त्याचे दोन भाग आहेत. पहिला, डीआय, उपकरणाचं मॉडेल किंवा आवृत्ती सांगतो. दुसरा, पीआय, लॉट, सिरियल नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख यांपैकी जे लेबलावर असेल ते सांगतो. एफडीएच्या गुडिड या सार्वजनिक डेटाबेसमध्ये फक्त डीआयच्या नोंदी असतात. कुठल्या रुग्णालयात कोणतं यंत्र आहे, हे तिथे सापडणार नाही. म्हणजे तुमचं 'मॉडेल' टेबल बाहेरच्या जगाशी जोडता येतं, 'यंत्र' टेबल मात्र तुम्हालाच सांभाळायचं आहे. बारकोड स्कॅन केल्यावर आलेली ओळ तोडून डीआय मॉडेलकडे आणि पीआय यंत्राकडे पाठवा. अख्खी ओळ एका कॉलममध्ये साठवून ठेवलीत, तर प्रत्येक क्वेरीत तिला पुन्हा तोडत बसाल.

मधला थर, म्हणजे लॉट, स्वतंत्र टेबल होणार की यंत्रातला एक कॉलम? लॉटविषयी तुम्हाला काही म्हणायचं असेल, जसं 'हा लॉट कंपनीने परत मागवला आहे', तर टेबल करा. नुसता क्रमांक नोंदवायचा असेल तर कॉलम पुरे. शोभेसाठी थर वाढवू नका; ज्या थराला स्वतःचा एकही कॉलम नाही आणि ज्याच्याशी कुणाचंही नातं नाही, तो थर जॉइन (क्वेरीत टेबलं जोडणं) लांबवण्यापलीकडे काही करत नाही. फर्मवेअरची (यंत्रातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती मात्र थर नव्हे. ती यंत्राच्या आयुष्यात बदलते, म्हणून यंत्र, आवृत्ती, कधीपासून कधीपर्यंत, असं इतिहासाचं टेबल.

आता ज्या नात्यांत दोन्ही थर एकत्र येतात, तिकडे वळू. हा या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

वॉर्ड पंप मागतो तेव्हा तो 'अमुक मॉडेलचा एक' मागतो. हाती मिळतं ते एक ठरावीक यंत्र. मागणी मॉडेलला जोडली जाते, वाटप यंत्राला. दोन्ही एकाच टेबलात ठेवले तर मागणी नोंदवतानाच यंत्र निवडावं लागतं, मग लोक समोर दिसेल तो सिरियल नंबर टाकून मोकळे होतात. मागणी आणि वाटप वेगळे ठेवा, वाटपात मागणीची फॉरेन की द्या.

सुट्या भागांत हे आणखी बांधीव करता येतं. समजा बॅटरी. 'या प्रकारची बॅटरी या मॉडेलला चालते' हे दोन अमूर्तांमधलं नातं. 'ही बॅटरी या यंत्रात बसवली आहे' हे दोन मूर्तांमधलं. आणि नियम असा की खालचं नातं वरच्या नात्याच्या परवानगीशिवाय होता कामा नये. बहुतेक ठिकाणी हे ॲपच्या कोडवर सोडलेलं असतं. डेटाबेस स्वतः ते पाळू शकतो. 'यंत्र' टेबलात यंत्र_आयडी प्रायमरी की आहेच. शिवाय यंत्र_आयडी आणि मॉडेल_आयडी या जोडीवर युनिक कंस्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) घाला. वरवर हे अनावश्यक दिसेल, पण त्या जोडीला बाहेरून बोट दाखवता यावं म्हणून ते लागतं. तसंच 'भाग' टेबलात भाग_आयडी आणि भागप्रकार_आयडी या जोडीवर. 'सुसंगती' टेबलाची प्रायमरी की मॉडेल_आयडी आणि भागप्रकार_आयडी. मग 'जोडणी' टेबलात चारही आयडी घ्या आणि तीन जोड-फॉरेन की लावा: यंत्र व मॉडेल ही जोडी 'यंत्र'कडे, भाग व भागप्रकार ही जोडी 'भाग'कडे, आणि मॉडेल व भागप्रकार ही जोडी 'सुसंगती'कडे. चारही कॉलम नॉट नल ठेवा. एखादा नल राहिला तर फॉरेन कीची तपासणी सहसा होतच नाही. आता चुकीची बॅटरी चुकीच्या पंपात नोंदवताच येत नाही, मग नोंद ॲपमधून होवो, एक्सेलच्या आयातीतून होवो की रात्री घाईत चालवलेल्या स्क्रिप्टमधून.

याचे दोन परिणाम आधीच माहीत असू द्या. एखाद्या यंत्राचं मॉडेल चुकीचं नोंदवलं होतं आणि ते दुरुस्त करायचं असेल, तर पहिल्या फॉरेन कीवर ऑन अपडेट कॅस्केड (मूळ किंमत बदलली की जोडलेली किंमतही बदलण्याची सोय) लागतं. आणि नव्या मॉडेलला बसवलेली बॅटरी चालत नसेल तर ती दुरुस्ती अडते. ती अडायलाच हवी, कारण एकतर मॉडेल चुकतंय किंवा बॅटरी. दुसरं, कंपनीने सुसंगती मागे घेतली तरी ती ओळ डिलीट होणार नाही, कारण जुन्या जोडण्या तिच्याकडे बोट दाखवतात. डिलीट करूही नका. 'कधीपर्यंत वैध' अशी तारीख द्या.

एक बॅटरी एकाच वेळी दोन यंत्रांत असू शकत नाही, हा मूर्त वस्तूचा खास नियम. कल्पना एकाच वेळी हजार ठिकाणी असते, वस्तू एकाच ठिकाणी. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर जोडणीचा कालावधी रेंज टाइपमध्ये (सुरुवात आणि शेवट एकत्र ठेवणारा प्रकार, आवृत्ती ९.२ पासून आहे) ठेवा आणि भाग_आयडी समान व कालावधी एकमेकांवर येणारा, अशा ओळींना मनाई करणारा एक्सक्लुजन कंस्ट्रेंट घाला. आयडीच्या समानतेसाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. यंत्र कोणत्या वॉर्डात आहे, यालाही हेच लागू.

आता ते एकच 'वस्तू' टेबल. पॅरेंट आयडीचं झाड मुळात वाईट नाही. उपकरणांचे गट, म्हणजे पंप, त्याखाली इन्फ्युजन पंप, त्याखाली सिरिंज पंप, हे तसंच ठेवा; रिकर्सिव्ह (पायरी-पायरीने स्वतःलाच पुन्हा बोलावणारी) क्वेरी एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या १९९९ च्या प्रमाणापासून आहे आणि असं झाड ती सहज चालते. तिथे प्रत्येक ओळ एकाच जातीची, म्हणजे 'गट' आहे, आणि प्रत्येक नातं 'चा प्रकार' आहे. त्याच झाडात खाली मॉडेल, त्याखाली यंत्र आणि यंत्राखाली बॅटरी टांगली की एकाच पॅरेंट आयडीचे तीन अर्थ झाले: चा प्रकार, चा नग, चा भाग. सिरियल नंबर गटाला नल, वॉर्ड मॉडेलला नल, आणि 'यंत्राला वॉर्ड असलाच पाहिजे' हे सांगायला साधं नॉट नल उरत नाही. प्रत्येक क्वेरीत आधी 'ही ओळ कोणत्या जातीची' हे विचारावं लागतं. लवचीकतेच्या नावाखाली घेतलेला हा निर्णय पुढची कित्येक वर्षं त्रास देतो. मी तो एकदाही निस्तरल्याशिवाय सुटलेला पाहिला नाही.

व्हेंटिलेटरचे कॉलम वेगळे आणि पंपाचे वेगळे, हा खऱ्या उपप्रकारांचा प्रश्न आहे, आणि गंमत म्हणजे तो बहुतांशी मॉडेलच्या पातळीवर सुटतो, कारण तांत्रिक गुणधर्म मॉडेलचे असतात. ज्यांवर तुम्ही शोध घेता किंवा नियम लावता ते गुणधर्म नीट कॉलममध्ये, बाकीचे जेसनबीमध्ये (पोस्टग्रेसच्या मोकळ्या रचनेच्या कॉलममध्ये) ठेवा. नाव-किंमत अशा जोड्यांचं टेबल करू नका. त्यात वजनही मजकूर होतं आणि तारीखही.

'जीवरक्षक', 'उच्च जोखीम' अशा खरोखर अमूर्त शिक्क्यांसाठी अनेक-ते-अनेक नातं करा आणि त्या नात्याला स्वतःचे कॉलम द्या: कुणी ठरवलं, कधीपासून. मॉडेल उच्च जोखमीचं असणं आणि एक ठरावीक यंत्र जुनं झाल्याने जोखमीचं होणं वेगळं, म्हणून दोन नात्यांची दोन टेबलं.

यंत्राची प्रायमरी की तुमची स्वतःची असू द्या. सिरियल नंबर जगात एकमेव नसतो, म्हणून युनिक कंस्ट्रेंट उत्पादक आणि सिरियल नंबर यांच्या जोडीवर घाला. त्यासाठी उत्पादक यंत्राच्या ओळीतही असावा लागेल. तिथेही वर सांगितलेली जोड-फॉरेन कीची युक्ती चालते.

शेवटी, चालू टेबल तोडायचं कसं. आधी कंपनी आणि मॉडेलच्या वेगवेगळ्या जोड्या काढा आणि माणसाने बसून वाचा. एकच नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. ते स्क्रिप्टने आपोआप जुळवू नका. 'मॉडेल' टेबल भरा, यंत्रांना आयडी लावा. ज्याचं मॉडेल कळत नाही त्याच्यासाठी 'अपुष्ट' खुणेची तात्पुरती मॉडेल-ओळ करा, म्हणजे फॉरेन की नॉट नल राहते आणि ती यादी एका क्वेरीत हाती येते. जुन्या नावाचा व्ह्यू ठेवा, म्हणजे जुने अहवाल चालू राहतील.

'स्थिती' हा कॉलम सगळ्यात शेवटी तोडा. मी सांगितलेल्या त्या संस्थेत जुन्या 'बंद' नोंदींचा अर्थ डेटावरून ठरवणं शक्यच नव्हतं. एकच शब्द, दोन अर्थ, आणि कुणी लिहिला ते नोंदवलेलं नाही. त्या ओळींची यादी छापली आणि देखभाल विभागातला एक तंत्रज्ञ ती घेऊन मजल्यामागून मजला फिरला. प्रत्येक पंपापुढे उभं राहून सिरियल नंबर वाचायचा, तो रुग्णाला जोडलेला आहे का ते बघायचं आणि पुढे टिक करायची. जे पंप चालू निघाले, त्यांचं कॅलिब्रेशन त्याच दिवसापासून सुरू झालं.